जहाज एकत्र चालवा, दर मात्र आपापला: शिपिंग आणि कॉम्पिटिशन लॉमधल्या करिअरबद्दल

प्रश्न असा आहे. कळव्याचा एक मुलगा, ठाण्यात एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे, वडील न्हावा शेवाला एका सीएचएकडे, म्हणजे कस्टम हाऊस एजंटकडे, कित्येक वर्षं कामाला, तो विचारतो की ताई, शिपिंगचे नियम आणि कॉम्पिटिशन लॉ असं दोन्ही मिळून करिअर होतं का, जहाजावर कधी न गेलेल्या माणसाला ते जमतं का, त्यासाठी दिल्ली नाहीतर लंडनलाच जावं लागतं का, आणि असला वकील दिवसभर नेमकं करतो काय.

होतं. मी जवळपास सत्तावीस वर्षं हेच करतेय, राहते नेरूळला, ऑफिस सीबीडी बेलापूरला, आणि जहाजावर नोकरी मी एक दिवसही केलेली नाही. पण वकिली सुरू करायच्या आधी तीन वर्षं जेएनपीटी रोडवरच्या एका सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर फ्रेट स्टेशनच्या यार्डात, डॉक्युमेंटेशनला होते, सकाळी नौपाड्यातून निघायचं, ट्रान्सहार्बर लोकल तेव्हा नव्हती, ती २००४ ला आली, त्यामुळे दोन बस बदलून पनवेलच्या बाजूने उरण रोडला पोचायचं आणि दिवसभर बिल ऑफ लेडिंग, मॅनिफेस्ट, डिलिव्हरी ऑर्डर यांच्यात डोकं घालून बसायचं. नंतर फोर्टात एका चेंबरमध्ये लागले तेव्हा लक्षात आलं की माझ्याबरोबरच्या हुशार पोरांना कलमं पाठ आहेत पण डिटेन्शन आणि डेमरेज यातला फरक माहीत नाही. कंटेनर पोर्टात किंवा यार्डात पडून राहिला की जागेचं भाडं ते डेमरेज, आणि लाइनचा, म्हणजे जहाज कंपनीचा, डबा फुकट वापराची मुदत (फ्री टाइम) संपल्यावरही तुमच्याकडेच राहिला की डब्याचं भाडं ते डिटेन्शन. आपल्याकडे लोक बोलताना दोन्ही सर्रास मिसळतात आणि मग नोटीसही तशीच मिसळून जाते. तुझे वडील ज्या लाइनीत आहेत ना, ते तुझं भांडवल आहे, हे आधी लिहून ठेव.

आता मूळ मुद्दा. या क्षेत्राचं सगळं काम एका प्रश्नाभोवती फिरतं, की एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या जहाज कंपन्यांनी कुठपर्यंत एकत्र यायचं. बाकी धंद्यात हा प्रश्न इतका अवघड नसतो, दोन सिमेंटवाले एका टेबलावर बसून भाव ठरवताना दिसले की विषय संपला. लायनर शिपिंगमध्ये, म्हणजे ठरलेल्या मार्गावर ठरलेल्या दिवशी सुटणाऱ्या जहाजांच्या धंद्यात, मात्र प्रतिस्पर्धी रोज एकत्र बसतात आणि कायदा त्यांना तशी परवानगीही देतो, का देतो हे समजलं तरच पुढचं समजेल म्हणून थोडं गणित सांगते.

समजा न्हावा शेवाहून उत्तर युरोपला आठवड्याला एक जहाज सुटलं पाहिजे, दर शनिवारी म्हणजे दर शनिवारी, कारण कारखानदाराला तसंच हवं असतं. जाऊन येऊन, मधली सगळी बंदरं धरून, फेरी ६३ दिवसांची असेल तर आठवड्याची सर्व्हिस चालवायला ९ जहाजं लागतात, ६३ भागिले ७. एकट्या मधल्या आकाराच्या लाइनला एका रूटवर ९ मोठी जहाजं टाकणं परवडत नाही आणि टाकली तरी ती अर्धी रिकामी जातील. म्हणून तीन लाइन्स तीन-तीन जहाजं आणतात आणि प्रत्येक जहाजावर तिघांना ठरलेल्या जागा मिळतात, त्या जागेला स्लॉट म्हणतात आणि या कराराला व्हेसल शेअरिंग अॅग्रीमेंट, आम्ही व्हीएसए म्हणतो. म्हणजे एकाच जहाजावर तिघांचे डबे, पण प्रत्येकाचा सेल्समन वेगळा, दर वेगळा, गिऱ्हाईक वेगळं. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि लाइन्सनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली, तेव्हा हे गणित सगळ्यांनाच दिसलं, फेरी तीन आठवड्यांनी लांबली तर त्याच साप्ताहिक सर्व्हिसला ९ च्या जागी १२ जहाजं लागतात, आणि ती कुठून आणायची, कुणी किती द्यायची, यावरच त्या काळात माझे कित्येक महिने गेले.

तर जहाज एकत्र चालवणं हे कामाचं आहे, त्याने खर्च वाचतो आणि छोट्या लाइनलाही मोठ्या रूटवर उभं राहता येतं. पण एकदा एकाच टेबलावर बसायची सवय झाली की दरावर बोलायला कितीसा वेळ लागतो. आणि शिपिंगचा इतिहास बघितला तर तिथूनच सगळं सुरू झालेलं आहे. जगातली पहिली लायनर कॉन्फरन्स, म्हणजे एका मार्गावरच्या जहाज कंपन्यांचा गट, १८७५ ची, आणि ती आपल्याच कलकत्त्याच्या व्यापाराची, इंग्लंड ते कलकत्ता चालणाऱ्या कंपन्यांनी मिळून भाडी ठरवली आणि थोड्याच काळात डिफर्ड रिबेट आणला, म्हणजे तुम्ही ठराविक काळ फक्त आमच्याच जहाजांनी माल पाठवलात तर नंतर काही टक्के परत मिळणार, मधे एकदा जरी बाहेरच्या जहाजाला माल दिलात तर साठलेलं सगळं गेलं. व्यापारी त्यात बांधला जायचा. मग चीनच्या चहाच्या व्यापारात मोगल स्टीमशिप नावाच्या कंपनीला कॉन्फरन्सने बाहेर ठेवलं, हांकौला तिच्यासमोर भाडी पाडली, ती कोर्टात गेली आणि १८९१ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की यात बेकायदा काही नाही, ही धंद्यातली स्पर्धा आहे. हा निकाल तू वाचच. ज्या कृतीला आज आपण डोळे मिटून कार्टेल, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांचं संगनमत, म्हणू ती तेव्हा चालत होती, आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं जगभरचे कायदे या निकालापासून हळूहळू लांब जाण्यात गेली.

प्रत्येक देश आपापल्या वेगाने लांब गेला आणि तिथेच आंतरराष्ट्रीय वकिलाचं काम तयार होतं. अमेरिकेने १९१६ च्या शिपिंग अॅक्टमध्ये डिफर्ड रिबेट बंद केला पण करार सरकारकडे दाखल करून चालवायला परवानगी दिली, आजही तिथे फेडरल मेरिटाइम कमिशनकडे करार फाइल करावा लागतो आणि साधारण ४५ दिवसांत त्यांनी अडवला नाही तर तो लागू होतो, २०२२ च्या सुधारणेने डिटेन्शन-डेमरेजच्या बिलांवरही तिथे कडक नियम आले. युरोपने भाडी ठरवणाऱ्या कॉन्फरन्सना १९८६ च्या नियमाने सूट दिली होती, ती ऑक्टोबर २००८ मध्ये संपवली. जहाजं वाटून घेणाऱ्या कन्सोर्शियमना मात्र ३० टक्के मार्केट शेअरच्या मर्यादेत वेगळी सूट चालू ठेवली, आणि तीही २५ एप्रिल २०२४ ला मुदत संपल्यावर वाढवली नाही. त्या दिवसानंतर करार बेकायदा झाले असं अजिबात नाही, पण आता प्रत्येक कराराचं मोजमाप कंपनीने आणि तिच्या वकिलाने स्वतः करायचं, आयता आसरा गेला.

आपल्याकडे २००२ चा कॉम्पिटिशन अॅक्ट, त्याचं कलम ३ लागू झालं २० मे २००९ ला. ३(३) म्हणतं की प्रतिस्पर्ध्यांनी मिळून दर ठरवले, पुरवठा आवळला, बाजार वाटून घेतला, टेंडरमध्ये संगनमत केलं तर स्पर्धेला धक्का बसला असं धरूनच चालायचं. मग व्हीएसएचं काय, ते तर प्रतिस्पर्ध्यांचेच करार. म्हणून डिसेंबर २०१३ मध्ये केंद्र सरकारने कलम ५४ खाली नोटिफिकेशन काढून व्हीएसएना सूट दिली, ती नंतर वेळोवेळी वाढवत नेली, कधी एक वर्ष, कधी तीन वर्षं. पण अट लक्ष देऊन वाच, दर ठरवणं, क्षमता किंवा विक्री मर्यादित करणं, मार्केट किंवा गिऱ्हाईक वाटणं याला ही सूट नाही, आणि देखरेखीसाठी करार डीजी शिपिंगकडे, म्हणजे केंद्राच्या जहाज वाहतुकीच्या खात्याकडे, द्यायचा. यातला 'क्षमता' हा शब्द मला सगळ्यात अवघड वाटतो. मागणी पडली की लाइन्स एखाद्या आठवड्याचं जहाज रद्द करतात, ब्लँक सेलिंग म्हणतात त्याला, आणि जहाज तिघांचं मिळून असेल तर रद्द करायचा निर्णयही तिघांनाच मिळून घ्यावा लागतो. मग ते सर्व्हिस चालवणं झालं की क्षमता आवळणं? माझ्या अनुभवाने उत्तर कागदावर असतं, त्या आठवड्यात बुकिंग किती होतं, जहाज डॉकमध्ये होतं का, बंदरात गर्दी होती का, निर्णयाचं कारण त्या दिवशीच लिहून ठेवलंय का. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेल्या कारणाला कुणी किंमत देत नाही.

आणि एकाच कराराला तीन देश तीन उत्तरं देऊ शकतात. २०१४ मध्ये मेर्स्क, एमएससी आणि सीएमए सीजीएम या तीन बड्या लाइन्सना पी३ नावाचं नेटवर्क करायचं होतं, अमेरिकेच्या कमिशनने मार्चमध्ये जाऊ दिलं, सगळी तयारी झाली आणि जूनमध्ये चीनच्या वाणिज्य मंत्रालयाने नकार दिला, आशिया-युरोप मार्गावरची जवळपास निम्मी क्षमता या तिघांकडे जातेय म्हणून. योजना तिथेच संपली. मी माझ्या ज्युनियरना सांगते की मेमो लिहिताना पहिल्या पानावर जहाज कुठल्या कुठल्या बंदराला लागतं ती यादी टाका, कायदे त्या यादीतून निघतात.

कार्टेल खरं कसं दिसतं ते बघायचं असेल तर कार कॅरियरची केस घे. गाड्या वाहून नेणारी जहाजं वेगळी असतात, बहुमजली पार्किंगसारखी, आणि त्या धंद्यात मोजक्याच कंपन्या आहेत. २०१२ मध्ये जपान, युरोप, अमेरिका सगळीकडे एकदम चौकशा सुरू झाल्या. युरोपियन कमिशनने फेब्रुवारी २०१८ मध्ये ३९.५ कोटी युरोचा दंड केला, ऑस्ट्रेलियात एनवायके लाइनवर २०१७ मध्ये फौजदारी कार्टेलचा दोष सिद्ध होऊन अडीच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. आपल्या सीसीआयने, म्हणजे कॉम्पिटिशन कमिशन ऑफ इंडियाने, जानेवारी २०२२ मध्ये निकाल दिला, चार जपानी कंपन्या, एनवायके, के लाइन, एमओएल आणि निसान मोटर कार कॅरियर. त्यांनी आपसात एक 'रिस्पेक्ट रूल' पाळला होता, म्हणजे ज्या कार कंपनीचा माल आज ज्या लाइनकडे आहे तो तिचाच, दुसऱ्याने तिथे कमी दर देऊन घुसायचं नाही, आणि कार कंपनीने दर कमी करा म्हटलं तर सगळ्यांनी मिळून रोखून धरायचं. कुणी कुठे लेखी करार केलेला नव्हता. भेटी, ईमेल आणि एकमेकांचा मान.

त्यातला दंडाचा भाग नीट वाच, कारण वकिलाची खरी कसोटी तिथे आहे. आपल्याकडे जी कंपनी पहिली येऊन सगळं उघड करते तिला दंडात १०० टक्क्यांपर्यंत सूट, दुसरीला ५० पर्यंत, तिसरीला ३० पर्यंत. एनवायके पहिली आली, तिचा पूर्ण दंड माफ झाला. एमओएलला ५० टक्के सूट मिळून १०.१२ कोटी भरायला सांगितले, निसान मोटर कार कॅरियरला ३० टक्के सूट मिळूनही २८.६९ कोटी, आणि के लाइन, जी लिनियन्सीला, म्हणजे या सवलतीला, आलीच नव्हती, तिला २४.२३ कोटी. युरोपात मात्र त्याच कार्टेलमध्ये पहिली आलेली कंपनी एमओएल होती, तिला तिथे पूर्ण माफी. म्हणजे प्रत्येक देशातली रांग वेगळी. क्लायंटचा फोन आला की ताई आमच्याकडे काहीतरी गडबड सापडलीय, त्या क्षणी कुठल्या कुठल्या देशात रांगेत उभं राहायचं आणि किती तासांत, हे ठरवावं लागतं. असे दोन फोन मला आजवर आलेत, दोन्ही रात्रीचे, आणि दोन्ही वेळा पहिले चार तास मी फक्त ऐकत आणि लिहीत होते.

रोजचं काम मात्र एवढं मोठं नसतं. सांगते एक गोष्ट. काही वर्षांपूर्वी तीन लाइन्सच्या व्हीएसएचा ड्राफ्ट माझ्याकडे आला, चाळीसेक पानांचा, अर्धा तांत्रिक, बंकर म्हणजे इंधन कुणी भरायचं, रीफर म्हणजे थंड डब्यांना प्लग किती, बंदर चुकलं तर काय. सातव्या क्लॉजमध्ये लिहिलं होतं की प्रत्येक पार्टी दर आठवड्याला पुढच्या चार आठवड्यांचा बुकिंग फोरकास्ट बाकी दोघांना देईल, आणि पुढे दोन शब्द, 'कस्टमर वाइज'. ज्याने ड्राफ्ट केला तो ऑपरेशन्सचा माणूस होता, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याला फक्त सविस्तर आकडे हवे होते. मी त्याला फोन करून विचारलं की स्टोवेज प्लॅन, म्हणजे कुठला डबा जहाजावर कुठे ठेवायचा ते, करायला तुम्हाला काय लागतं. तो म्हणाला डबा २० फुटी की ४०, वजन, उतरायचं बंदर, रीफर आहे का, घातक माल आहे का. म्हटलं यात गिऱ्हाईकाचं नाव कुठे आलं? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, नाही लागत. ते दोन शब्द काढले, त्या जागी बंदरनिहाय एकूण डबे आणि वजन असं घातलं, आणि तो फोरकास्ट फक्त ऑपरेशन्सच्या लोकांकडे जाईल, सेल्सकडे जाणार नाही अशी एक ओळ जोडली. पाऊण तासाचं काम. पण कोणाचा माल कुणाकडे किती जातोय हे तिघांना दर सोमवारी कळत राहिलं असतं तर वर्षभरात तिथे रिस्पेक्ट रूल आपोआप उगवला असता, कुणी ठरवायचीही गरज पडली नसती. हा प्रश्न विचारता येण्यासाठी स्टोवेज म्हणजे काय हे मला माहीत असावं लागलं, आणि ते मी सीएफएसमध्ये शिकले होते.

दुसरं काम म्हणजे मीटिंगला जाऊन बसणं. वाशीला एका हॉटेलच्या हॉलमध्ये एका धंद्यातल्या संघटनेची बैठक होती, मी सल्लागार म्हणून, अजेंडा आधी तपासलेला, सगळं व्यवस्थित, आणि शेवटी 'आयत्या वेळचे विषय' आले. एक जुने गृहस्थ, मनाने अगदी सरळ, म्हणाले, डिझेल एवढं वाढलंय, एक तारखेपासून सगळेच थोडं थोडं वाढवूया ना, एकट्याने वाढवलं तर गिऱ्हाईक जातं. तीन-चार माना हलल्या. मी उभी राहिले आणि म्हणाले की काका, हा विषय इथे बोलता येणार नाही, आणि हा विषय निघाला, थांबवला गेला, हे मिनिट्समध्ये लिहायचं. त्यांना राग आला, साहजिक होतं, त्यांना वाटलं मी सगळ्यांसमोर चोर म्हटलं. चहाच्या वेळी त्यांच्याजवळ बसून समजावलं की तुमची डिझेलची अडचण खरी आहे, तुम्ही तुमचा दर वाढवा, उद्याच वाढवा, फक्त तो तुमचा तुम्ही ठरवा, आणि संघटनेला सरकारकडे डिझेलवरच्या करासाठी निवेदन द्यायचं असेल तर ते मी स्वतः लिहून देते. दिलंही.

या विषयावर जरा थांबते, कारण न्हावा शेवाच्या परिसरात तो नाजूक आहे. कोचीनला कंटेनर ट्रेलरवाल्यांच्या संघटनांनी टर्न सिस्टिम चालवली होती, म्हणजे पाळी पाळीने गाड्या आणि ठरलेला दर, गिऱ्हाईकाने आपल्या पसंतीची गाडी घ्यायची नाही. कोचीन पोर्ट ट्रस्टच्या तक्रारीवरून प्रकरण सीसीआयकडे गेलं आणि २०१७ मध्ये आयोगाने तो कायद्याचा भंग ठरवला. कायद्याने निकाल बरोबर आहे, मला त्याबद्दल शंका नाही. पण आपल्या उरण-पनवेल पट्ट्यातल्या गाववाल्यांच्या जमिनी या बंदरासाठी आणि शहरासाठी गेल्यात, १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले, आणि ज्याची भातशेती गेली त्याच्या मुलाने दोन ट्रेलर घेतले तर त्याच्या दृष्टीने तो धंदा म्हणजे जमिनीचा मोबदला आहे. त्याला कलम ३(३) वाचून दाखवणारा वकील त्याला शत्रूच वाटणार. म्हणून अशा कामात मी आधी गावात जाऊन ऐकते. स्थानिकांना काम मिळावं यासाठी पोर्टाला, कंपनीला किंवा सरकारला उघडपणे अटी घालता येतात, सहकारी संस्था करून मोठं कंत्राट घेता येतं, मार्ग आहेत. सगळ्यांनी मिळून दर बांधणं हा एकच मार्ग बंद आहे, आणि तो बंद का, तर उद्या त्यांच्याच गावातला तिसरा मुलगा ट्रेलर घेऊन आला तर त्याला पाळीत घेत नाहीत, हे मी त्याच गावांत बघितलेलं आहे.

एक वाईट अनुभवही सांगायला हवा. एका क्लायंटच्या कंपनीत, नाव सांगणार नाही, सेल्समधला पंचविशीचा मुलगा होता, चार कंपन्यांच्या त्याच्यासारख्याच पोरांचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता, क्रिकेट, वाढदिवस, ट्रॅफिकच्या शिव्या, आणि त्यात एक दिवस कुणीतरी टाकलं की पुढच्या महिन्यापासून आम्ही १५० डॉलरने वर जातोय, त्याखाली तीन अंगठे. याने काही लिहिलं नाही, फक्त अंगठा. ते सगळे मेसेज मी दोन रात्री बसून वाचले, शेकड्यांनी होते, आणि त्या एका अंगठ्यासाठी तो मुलगा माझ्यासमोर रडला. ट्रेनिंग आम्ही दिलं होतं, पण ते मॅनेजरना दिलं होतं, एसी हॉलमध्ये, इंग्रजीत. चूक आमची होती. त्यानंतर मी ट्रेनिंग मराठी आणि हिंदीत घेते, काउंटरवरच्या आणि बुकिंग डेस्कवरच्या पोरांना आधी, आणि त्यांच्याच फोनमधली उदाहरणं घेऊन.

नियमांची बाजूही वाढत चाललीय. आयएमओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संघटनेने, १ जानेवारी २०२० पासून इंधनातल्या सल्फरची मर्यादा ०.५० टक्क्यांवर आणली, युरोपने १ जानेवारी २०२४ पासून जहाजांना कार्बनच्या ईटीएसमध्ये, म्हणजे उत्सर्जनाचे परवाने घ्यायच्या व्यवस्थेत, ओढलं, पहिल्या वर्षाच्या ४० टक्के उत्सर्जनापासून सुरू करून पुढे ७० आणि मग १०० टक्के. प्रत्येक नव्या नियमाबरोबर लाइन नवा सरचार्ज लावते. खर्च सगळ्यांना सारखाच आला म्हणून सरचार्जही सगळ्यांनी मिळून ठरवला तर ते पुन्हा कार्टेलच, हिशेब प्रत्येकाने आपला करायचा. जाहीर कसा करायचा यालाही मर्यादा आहे, युरोपात १४ लाइन्स आपल्या दरवाढी आठवडे आधी वेबसाइटवर टाकायच्या, कमिशनला वाटलं हे एकमेकांना इशारे देणं आहे, आणि २०१६ मध्ये त्यांच्याकडून लेखी हमी घेतली की किंमत जाहीर कराल ती ३१ दिवसांपेक्षा आधी नाही आणि जाहीर केलीत तर ती कमाल मर्यादा म्हणून पाळाल. पर्यावरणाचा नियम, दर आणि स्पर्धा असं सगळं एकाच फाइलमध्ये येतं, म्हणूनच मी दोन्ही विषय एकत्र शिक म्हणते. आपल्याकडेही २०२५ मध्ये बरेच जुने कायदे बदलले, बिल्स ऑफ लेडिंगचा १८५६ चा, कॅरेज ऑफ गुड्सचा १९२५ चा, मर्चंट शिपिंगचा १९५८ चा, पोर्ट्सचा १९०८ चा, सगळ्यांच्या जागी नवे आले. तुझ्या पिढीला याचा फायदा आहे, या नव्या कलमांवर माझ्याकडे तुझ्यापेक्षा जास्त अनुभव नाही.

आता तुझे बाकीचे प्रश्न. दिल्लीला जावं लागतं का, सुनावणीला हो, सीसीआय आणि अपिलासाठी एनसीएलएटी दोन्ही तिथे आहेत. पण क्लायंट इथे आहेत, लाइन्सची ऑफिसं मुंबई-नवी मुंबई-ठाण्यात आहेत, डीजी शिपिंग कांजूरमार्गला आहे, म्हणजे कळव्याहून तुला लोकलने फार तर अर्धा तास. लंडन किंवा साउदॅम्प्टन, स्वॉन्सीचं एलएलएम चांगलंच आहे, माल्टाला आयएमओची लॉ इन्स्टिट्यूट आहे, पण मी सांगेन तीन वर्षं काम करून मग जा, कर्ज काढून लगेच जाऊ नको, तिकडे जाऊन काय विचारायचं हे तरी माहीत पाहिजे. सुरुवातीची दोन वर्षं ॲडमिरल्टीच्या, म्हणजे जहाजांवरच्या दाव्यांच्या, चेंबरमध्ये काढ. पैसे कमी मिळतील, घरी आधीच बोलून ठेव. पण जहाज अटक कशी होते ते बघायला मिळेल, २०१७ च्या ॲडमिरल्टी अॅक्टखाली हायकोर्टातून ऑर्डर घेऊन शेरीफच्या ऑफिसच्या माणसाबरोबर लाँचमधून बाहेर अँकरेजला जायचं, दोरीच्या शिडीने जहाजावर चढायचं आणि कॅप्टनच्या हातात वॉरंट द्यायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा जुलै होता, लाँच एवढी हलत होती की कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ब्लाउजमध्ये खोचले होते, आणि वर पोचल्यावर त्या कॅप्टनने आधी मला टॉवेल आणि चहा दिला, मग वॉरंट घेतलं. जहाज म्हणजे कागदावरचं नाव आहे असं नंतर कधी वाटलं नाही, त्यावर वीस-पंचवीस माणसं राहतात, आणि मालकाने पैसे बुडवले की पगार पहिला त्यांचा थांबतो.

ॲडमिरल्टीनंतर कॉम्पिटिशनच्या टीममध्ये जा, किंवा सीसीआयमध्ये रिसर्चचं काम मिळालं तर उत्तमच. अर्थशास्त्राची भीती काढून टाक, मार्केट शेअर आणि एचएचआय, म्हणजे बाजार किती मोजक्या हातांत आहे ते मोजणारा आकडा, एवढ्यापासून सुरुवात होते. इंग्रजी ड्राफ्टिंग रोज एक पान लिहून सुधारतं, माझं तसंच सुधारलं, मी मराठी माध्यमाची, आणि फोर्टात पहिली दोन वर्षं माझ्या ड्राफ्टवर लाल शाई जास्त आणि काळी कमी असायची.

या रविवारी एक कर. वडिलांना सांग की मिटलेल्या एखाद्या जुन्या कंटेनरची पूर्ण फाइल दाखवा, पार्टीची नावं झाकून, बुकिंगपासून गेट पासपर्यंत, आणि लाइनच्या इनव्हॉइसमधला एकेक चार्ज कुणी लावला, कशासाठी लावला, आणि तो कमी करून मागायची सोय होती का, हे त्यांना विचारत जा. काही ओळींवर ते म्हणतील, हे सगळ्याच लाइन्स घेतात, ठरलेलंच असतं. त्या ओळी वेगळ्या लिहून काढ. मग सीसीआयच्या वेबसाइटवरून कार कॅरियरचा ऑर्डर उतरवून घे, फुकट आहे, आणि ती यादी शेजारी ठेवून वाच.